भिंगरीच्या फेऱ्या

डेपोत त्यांना घड्याळराव म्हणत. चेष्टेने पडलेलं नाव होतं, पण बावीस वर्षं बस चालवून एकही फेरी दोन मिनिटांपेक्षा जास्त उशिरा न पोचवणाऱ्या माणसाची चेष्टा तरी किती दिवस करणार? हळूहळू ते नावच होऊन बसलं. रस्त्यात खोदकाम असो, गर्दी असो, शेवटच्या थांब्यावर घड्याळरावांची गाडी टेकली की तिथला चहावाला मान वर न करता सांगायचा, "नऊ बारा झाले." आणि नऊ बाराच झालेले असायचे.

सात महिन्यांपूर्वी एका मंगळवारी सकाळी, मोठ्या चौकात, सिग्नल हिरवा असताना एक म्हातारा माणूस फुटपाथवरून खाली उतरला. हातात पिशवी होती आणि मान दुसरीकडे होती. घड्याळरावांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबायला हवी होती त्याच्या दीड हात पुढे थांबली.

चौकशी झाली. चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्र तीनतीनदा पाहिलं गेलं, टायरच्या खुणा मोजल्या गेल्या आणि कागदावर लेखी आलं की चालकाचा दोष नाही. मग जो तो घरी येऊन तेच सांगू लागला. "तुमची काय चूक हो?" घड्याळराव म्हणायचे, "हो." आलेला माणूस चहा पिऊन, एक चांगलं काम केल्याच्या समाधानात जिने उतरायचा. साहेबांनी लांबलचक रजा दिली आणि म्हणाले, बरं वाटलं की या.

पण बरं वाटायला आधी वाईट वाटावं लागतं, आणि घड्याळरावांना काहीच वाटत नव्हतं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी प्रामाणिकपणे हेच सांगितलं असतं. जेवायचे, पण मीठ जास्त की कमी ते कळायचं नाही. झोप यायची, स्वप्नं यायची नाहीत. खिडकीजवळच्या खुर्चीत सकाळी बसायचे आणि बायकोने दिवा लावला की संध्याकाळ झाली हे त्यांना समजायचं. बायको घरीच पडदे शिवायची, म्हणजे दिवसभर समोर असायची. ती काहीही विचारो, भाजी कोणती करू, पंखा लावू का, डॉक्टरकडे जायचं का, उत्तर एकच, "तुला हवं तसं." लग्नाला पंचवीस वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याने इतकी मोकळीक दिली तर खरं तर तिने आनंदाने नाचायला हवं. ती न्हाणीघरात जाऊन रडून यायची.

तीच एक दिवस कुत्रीचं पिल्लू घेऊन आली. तिच्या भावाची रोपवाटिका होती, घड्याळरावांच्याच बसमार्गाच्या शेवटच्या थांब्याला. तिथल्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि ही एकटी कुणी न नेलेली उरली होती. का उरली होती ते घरी आल्यावर अर्ध्या तासात कळलं. तपकिरी, लांब पायांची, एक कान उभा आणि एक पडलेला. सबंध घराला तिने सहा चकरा मारल्या, मग स्वतःच्या शेपटीमागे गोल फिरत राहिली, मग भिंतीवर आपटली आणि पुन्हा सुरू. "भिंगरी आहे नुसती," बायको म्हणाली, आणि नाव पडलं. घरात काहीतरी हलतं-बोलतं असावं एवढाच तिचा हेतू होता. इतकं हलतं-बोलतं तिनेही मागितलं नव्हतं.

तीन महिन्यांत भिंगरीने दोन चपला, टीव्हीचा रिमोट, सोफ्याचा डावा हात आणि एका गिऱ्हाइकाचा शिवून तयार असलेला मखमली पडदा खाल्ला. पडद्याच्या दिवशी मात्र बायकोचा बांध फुटला. "हिला बाहेर फिरवून आणत जा," ती नवऱ्याला म्हणाली, "नाहीतर मी तरी वेडी होईन नाहीतर ही तरी!"

घड्याळरावांनी इतक्या महिन्यांत पहिला प्रश्न विचारला. "किती वाजता?"

आता हा प्रश्न ऐकून तिने सावध व्हायला हवं होतं. पण नवरा काहीतरी विचारतोय याच आनंदात ती म्हणाली, "तुम्हीच ठरवा की!"

घड्याळरावांनी जुन्या कॅलेंडरचं पान फाडलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारल्या आणि वेळापत्रक तयार केलं. रोज चार फेऱ्या. सकाळी सहा दहा, दहा चाळीस, दुपारी चार पंधरा, संध्याकाळी सात पाच. मार्ग एकच. थांबे चार. पाण्याची टाकी, शाळेचं फाटक, औषधांचं दुकान, बागेचा कोपरा. प्रत्येक थांब्यावर एक मिनिट. काय हुंगायचं, काय करायचं ते त्या मिनिटात. दोन थांब्यांच्या मधे गाडी थांबणार नाही. रविवारी पहिल्या दोन फेऱ्या चाळीस मिनिटं उशिरा, कारण रविवारी तसंच असतं. पान स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवलं गेलं.

यात त्यांना उत्साह वगैरे आला होता असं कुणी समजू नये. हाताला सवय असते, ती चालू राहते. डोकं कोंबडीचं तुटतं तरी ती चार पावलं पळते, तसलाच हा प्रकार होता.

भिंगरी हुशार. तिसऱ्या आठवड्यात तिला सगळं पाठ झालं. थांबा आला की आपणहून बसायची, मिनिट झालं की आपणहून उठायची. औषधवाला गल्ल्यावरून बघायचा आणि आपलं भिंतीवरचं घड्याळ पुढेमागे करायचा. रस्त्यातल्या लोकांना भारी कौतुक. मधल्या वाटेवर एखाद्या खांबाशी तिने नाक नेलं की घड्याळराव पट्टा जरासा ओढायचे. ती मान वर करून बघायची आणि चालू लागायची.

आठवडाभर बायकोही खूश होती. मग तिच्या लक्षात आलं की घरातली मोडतोड थांबलेली नाही. फेरीवरून आली की भिंगरी पाणी प्यायची आणि ताज्या दमाने गादीचा कापूस काढायला बसायची. घड्याळरावांनी फेऱ्या लांबवल्या, अर्ध्या तासाच्या पाऊण तास केल्या, पाऊण तासाच्या तास. भिंगरीच्या मांड्या घट्ट झाल्या, छाती रुंद झाली. पहिलवान व्हायला जेवढी मेहनत लागते तेवढी तिच्याकडून रोज करून घेतली जात होती, मग ती पहिलवान झाली यात तिचा काय दोष? वाळले ते घड्याळराव.

आणि खरी गंमत पुढेच होती. कुत्रीला वेळ कळू लागली होती. दहा चाळीसची फेरी असेल आणि दहा एक्केचाळिसाला घड्याळराव न्हाणीघरात असतील, तर भिंगरी दाराशी उभी राहून इमारत डोक्यावर घ्यायची. चपला पायात सरकेपर्यंत भुंकणं थांबायचं नाही. रविवारी तर कहरच. रविवार म्हणजे काय हे जगातल्या कुठल्याही कुत्र्याला समजावून सांगता येत नाही. सहा दहाला जी ती सुरू व्हायची ती सहा पन्नासपर्यंत. घड्याळराव तयार होऊन, पट्टा हातात घेऊन खुर्चीत बसलेले असायचे. बायको ओरडायची, "अहो, जा ना तिला घेऊन! तयार तर आहात!" ते म्हणायचे, "अजून वेळ झाली नाही."

खालच्या मजल्यावर एक नर्स राहायची. रात्रपाळी करून सकाळी साडेसातला घरी यायची, आठला झोपायची. दहा चाळिसाला तिची झोप मोडायची ती मोडायचीच. बिचारीने दीड महिना सोसलं आणि मग सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेली. सेक्रेटरी भला माणूस, पण कागदावर फार कडक लिहायचा. पंधरा दिवसांत सदर प्राण्याची योग्य ती व्यवस्था लावावी, अन्यथा, आणि अन्यथाच्या पुढे तीन टिंबं.

"काय करायचं?" बायकोने कागद पुढे धरून विचारलं. "दादाला सांगू का परत घेऊन जा म्हणून?"

"तुला हवं तसं."

तिने कागदाची घडी घातली. मग उठून भावाला फोन केला. भाऊ म्हणाला, पुढच्याच्या पुढच्या रविवारी टेम्पो घेऊन येतो. भिंगरी जाणार असं ठरलं, आणि घड्याळरावांना त्याचंही काही वाटलं नाही. दहा चाळीस व्हायला चार मिनिटं होती. त्यांनी चपला घातल्या.

नर्सला मात्र वाईट वाटलं. तक्रार केली खरी, पण कुत्रीला घालवून द्या असं तिच्या मनात नव्हतं. ती वर आली. "काकू, मला भुंकण्याचा राग नाही हो, मला फक्त झोपायचंय. हिला एकदा जनावरांच्या डॉक्टरला तरी दाखवा. माझी एक मैत्रीण आहे, चांगली आहे." म्हणून दोघं नवराबायको भिंगरीला घेऊन गेले. जायचं ठरलेलंच आहे तर दाखवून तरी पाठवू, असं बायको म्हणाली. मनात काय होतं ते तिचं तिला ठाऊक.

डॉक्टरीण तिशीतली, हातावर ओरखडेच ओरखडे. तिने भिंगरीचे दात बघितले, पोट चाचपलं, मांड्या दाबून शीळ घातली. "हिला शर्यतीत उतरवायचंय का?"

बायकोने वेळापत्रकाची हकीकत सांगितली. डॉक्टरीण आधी हसली, मग घड्याळरावांचा चेहरा बघून थांबली. "किती वर्षं बस चालवलीत?"

"बावीस."

"काका, तुम्ही हिचे पाय दमवलेत आणि डोकं उपाशी ठेवलंय. वर्षाचीही नाही ही. हिला रोज काहीतरी नवं हवं, काहीतरी शोधायला हवं. तुम्ही हिला काय दिलंत? तोच रस्ता, तीच वळणं. रिकामं डोकं काय करणार? गादी फाडणार. आणि तुमच्या वेळेने तर तिचा पार गजर करून टाकलाय."

"मग काय करायचं?" बायकोने विचारलं.

"पहिलं म्हणजे ते पान फाडा. रोज वेळ बदला, कधी लवकर, कधी उशिरा. खायला ताटलीत देऊ नका, लपवून द्या. टॉवेलमध्ये गुंडाळा, खोक्यात घाला, घरभर लपवा आणि म्हणा शोध. आणि दिवसातून एकदा हिला रस्ता निवडू दे. ती नेईल तिकडे जायचं. ती हुंगत असली की ओढायचं नाही. हुंगणं म्हणजे तिचं पेपर वाचणं आहे. तुमच्या हातातून कुणी पेपर ओढला तर?"

"पण मग वेळ..." घड्याळराव म्हणाले.

"वेळ गेली खड्ड्यात," डॉक्टरीण म्हणाली.

घड्याळरावांनी घरी येऊन पान काढलं. फाडलं नाही, घडी करून खणात ठेवलं. मग अंड्यांचा रिकामा ट्रे घेतला, खळग्यांत पावाचे तुकडे टाकले, वरून कागदाचे बोळे दाबले आणि जमिनीवर ठेवला. भिंगरीने आधी त्यांच्याकडे पाहिलं. थांबा कुठला आहे ते तिला कळेना. मग नाक खाली गेलं, आणि वीस मिनिटं वर आलं नाही.

हाताचं काम घड्याळरावांना जमायचं. ट्रे झाला, मग जुना टॉवेल, गुंडाळून गाठ मारलेला. मग खोक्यात खोका, त्यात आणखी एक. मग घरभर. भिंगरीला न्हाणीघरात ठेवायचं, दार लावायचं, तुकडे लपवायचे. शिलाई मशीनच्या पायडलमागे एक, सोफ्याच्या खाल्लेल्या हातात एक, पडद्यांच्या गठ्ठ्यावर नाही कारण बायको जीव घेईल. एकूण अकरा. मग दार उघडून म्हणायचं, "शोध." ती बाहेर यायची ती पळत नाही, हळू. नाक जमिनीपासून बोटभर वर, पडलेला कानही उभा. श्वासाचा बारीक फुसफुस आवाज यायचा. एखाद्या तुकड्याजवळून पुढे जायची, मग थबकायची, मागे फिरायची. घड्याळराव खुर्चीत बसून बघायचे. खिडकीकडे पाठ करून बसायला लागत असे, कारण खोली दुसऱ्या बाजूला होती.

अकरावा तुकडा मिळाला की भिंगरी त्यांच्या पायाशी पडायची आणि दुपारभर झोपायची. बायको मशीन थांबवून कुजबुजायची, "बघा तरी, झोपली!" घड्याळराव म्हणायचे, "हो."

रस्ता निवडण्याचं काम अवघड गेलं. फाटकातून बाहेर पडून पट्टा सैल सोडला तेव्हा भिंगरी उजवीकडे, टाकीकडे वळली, चार पावलं गेली, मागे बघितलं. मग अंदाज घेत डावीकडे. पट्टा ओढला गेला नाही. मग जी ती सुटली, या खांबापाशी, त्या पायरीपाशी, एका गॅरेजच्या दारात तेलाच्या डागाशी सात मिनिटं. घड्याळरावांना घाम फुटला. सात मिनिटांत तीन थांबे होतात. त्यांना प्रत्येक गल्ली माहीत होती, कुठून कुठल्या नंबरची गाडी जाते ते माहीत होतं, पण एकाच डागाशी सात मिनिटं उभं राहिलं की तिथे काय काय असतं ते माहीत नव्हतं. गॅरेजवाला आतून म्हणाला, "काय शोधतेय?" ते म्हणाले, "मलाही कळलं नाही."

चौथ्या दिवशी ती मोठ्या रस्त्याला लागली. त्या रस्त्याने सरळ गेलं की चौक. लांबून सिग्नलचा खांब दिसला तसे घड्याळराव थांबले. भिंगरीने पट्टा ताणला. त्यांनी तिला उलटं फिरवलं आणि घरी आणलं. पुढे आणखी दोनदा तसंच झालं. चौथ्या वेळी ती त्या वळणावर आली आणि आपणहून मागे वळली. नियम तिला लगेच कळायचे.

दुसरा आठवडा सरेपर्यंत इमारतीत शांतता होती. वेळच नाही तर भुंकायचं कशासाठी? नर्स गुरुवारी दीड वाजेपर्यंत झोपली आणि उठल्यावर घाबरली, घड्याळ बंद पडलं की काय म्हणून. सेक्रेटरी जिन्यात भेटले आणि म्हणाले, "तो कागद तेवढा मनावर घेऊ नका, लिहावं लागतं." म्हणजे आता भिंगरीने राहावं की जावं हे कागदाच्या हातात नव्हतं. ते फक्त एका माणसाने तोंड उघडण्यावर होतं.

बायकोने भावाला येऊ नको म्हणून कळवलं नाही. तिला नवऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. शनिवारी ती म्हणाली, "उद्या दादा येतोय." ते म्हणाले, "बरं." रविवारी सकाळी ती पुन्हा म्हणाली, "येईलच आता." ते म्हणाले, "हो."

भाऊ आला. मातीने भरलेल्या चपला दाराबाहेर काढून आत आला, पाणी प्यायला. भिंगरी त्याच्या पायघोळ विजारीला लागलेले झाडपाल्याचे वास हुंगत होती. "काय भावोजी," त्याने विचारलं, "न्यायची ना? का ठेवताय?"

बायको मशीनवर बसली होती. तिचा पाय पायडलवर थांबला होता.

घड्याळरावांना खरंच सांगता आलं नाही. त्यांनी आत शोधून पाहिलं. काही सापडेना. सात महिने जिथे काही नव्हतं तिथे आजही काही नव्हतं. ते म्हणाले, "तुम्हाला हवं तसं."

मग ते उठले आणि टॉवेल, ट्रे, तिन्ही खोकी एका पिशवीत भरून दिली. टॉवेलची गाठ किती घट्ट मारायची तेही मेहुण्याला करून दाखवलं. भिंगरीला वाटलं नवा खेळ आहे. ती उडी मारून टेम्पोत बसली. बायको खाली आली नाही.

सोमवार गेला. घरात मशीनचा आवाज सोडला तर काही नव्हतं. बायको जेवताना एक शब्द बोलली नाही, आणि घड्याळरावांना त्याचंही काही वाटलं नाही, किंवा वाटलं असेल तर ते काय आहे ते कळलं नाही.

मंगळवारी सकाळी ते उठले, पावाचे तुकडे केले आणि लपवायला लागले. पायडलमागे, सोफ्याच्या हातात, बुटांच्या कपाटात, खिडकीच्या चौकटीत. अकराच्या अकरा लपवून झाले. मग त्यांनी न्हाणीघराचं दार उघडलं आणि म्हणाले, "शोध."

आत बादली होती.

ते तसेच कडी धरून उभे राहिले. बायको मागून आली. तिने मोकळं न्हाणीघर बघितलं, खिडकीतला तुकडा बघितला. तिला काही विचारावं लागलं नाही. ती वाकून एकेक तुकडा गोळा करायला लागली, आणि गोळा करता करता तिचा आवाज चढला. "माणूस दारात येऊन विचारत होता! तेव्हा मूग गिळून बसलात! एक शब्द, फक्त एक शब्द बोलायचा होता. मी काय काय तुमच्या मनातलं ओळखायचं? त्या दिवशी त्या चौकात तुम्ही पण मेलात का? तसं असेल तर तेवढं तरी सांगा, म्हणजे मी एकदाची रडून मोकळी होते!"

घड्याळरावांनी ऐकून घेतलं. मग खुंटीवरचा शर्ट काढला.

"कुठे निघालात?"

"बस पकडतो."

तिचा हात तुकड्यांसकट तसाच राहिला. गेल्या सात महिन्यांत ते बसमध्ये चढले नव्हते. आणि रोपवाटिकेला जाणारी बस चौकातून जाते हे त्या घरात कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

गाडी आली ती नेमकी ओळखीच्या ड्रायव्हरची, डेपोत ज्याला मिशीवाले म्हणत त्याची. "घड्याळराव! ड्यूटीवर?" "नाही. पॅसेंजर." ते त्याच्या मागच्या सीटवर बसले, जिथून समोरची काच पूर्ण दिसते. मिशीवाल्याने आरशातून एकदा पाहिलं आणि मग गाडी अशी चालवली, जणू आत कुणी आजारी निजलं आहे.

चौक आला. घड्याळरावांनी सीटचा दांडा धरला. आता काहीतरी होईल म्हणून ते तयार बसले. फुटपाथ तोच होता. झेब्र्याचे पट्टे नवे रंगवलेले होते. एक बाई लहान मुलाचा हात धरून उभी होती. सिग्नल हिरवा होता. गाडी निघून गेली. काहीच झालं नाही. छातीत नाही, डोळ्यांत नाही, कुठेच नाही. चौक मागे पडला आणि घड्याळरावांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

रोपवाटिकेच्या कुंपणाला आतून लागून जमिनीत एक पायवाट पडली होती. दोन दिवसांत पडलेली. भिंगरी कुंपणाच्या कडेने गोल गोल पळत होती, मधे कुठेही न थांबता, काही न हुंगता. आजूबाजूला शेकडो रोपं, ओली माती, खताची पोती, आणि नाक मात्र कशालाच लावत नव्हती. पिशवी शेडमध्ये जशीच्या तशी पडली होती.

मेहुणा हात झटकत आला. "अहो भावोजी! फोन तरी करायचा."

घड्याळरावांनी वाटेत सगळं जुळवून ठेवलं होतं, चौकशीत जबाब देतात तसं. ते म्हणाले की नर्सची तक्रार आता नाही. सेक्रेटरींनी कागद मागे घेतल्यात जमा आहे. मोडतोड बंद झाली आहे. डॉक्टरचं मतही चांगलं आहे.

मेहुण्याने ऐकून घेतलं. तो साधा माणूस होता. "ते सगळं ठीक आहे," तो म्हणाला, "पण इथे तिला एवढी मोकळी जागा आहे. तुमचं दोन खोल्यांचं घर. आणि परवा तर तुम्हीच मला हवं तसं म्हणालात. मग आता काय? तुम्हाला काय हवंय?"

घड्याळरावांनी मान वळवली. कुंपणाशी भिंगरी थांबली होती. तिने त्यांना पाहिलं होतं, पण धावत आली नाही. मान तिरकी करून बघत राहिली, पट्टा ओढला जातोय का याचा अंदाज घेत.

"मला ती हवी आहे," ते म्हणाले. "तिच्या भल्याचं मला माहीत नाही. मला हवी आहे."

आणि मग जे सुरू झालं ते त्यांना आवरेना. मेहुण्याने घाईघाईने एक रिकामी कुंडी उपडी करून दिली. त्यावर बसून हा पन्नाशीचा माणूस शर्टाच्या बाहीत तोंड खुपसून रडला. मेहुण्याला वाटलं कुत्रीसाठी. तो म्हणाला, "अहो न्या की, मी कुठे नाही म्हणतोय?"

"मी त्यांच्या घरी गेलो नाही," घड्याळराव म्हणाले.

"कुणाच्या?"

"चौकातल्या. त्या म्हाताऱ्यांच्या. सगळे म्हणाले, तुझी चूक नाही. मग जाऊन काय सांगणार? त्यांच्या पिशवीत काय होतं तेही मला माहीत नाही. कुणासाठी तरी काही आणायला निघाले असतील ना ते?"

मेहुण्याला यावर काही सुचलं नाही. सुचलं नाही म्हणून तो गप्प उभा राहिला, आणि गेल्या सात महिन्यांत घड्याळरावांशी इतकं शहाणपणाने कुणी वागलं नव्हतं.

टेम्पोने सोडतो, तो नंतर म्हणाला. घड्याळराव नको म्हणाले. बसमध्ये कुत्रं चालत नाही, हा नियम त्यांनी स्वतः बावीस वर्षं पाळला होता. "चौदा किलोमीटर आहे हो!" मेहुणा म्हणाला. "माहीत आहे," घड्याळराव म्हणाले आणि पट्टा हाताला गुंडाळला.

मोठ्या रस्त्यापर्यंत यायला त्यांना दुपार झाली. भिंगरीने वाटेतला एकही खांब सोडला नव्हता. ज्या वळणावर ते तिला मागे फिरवत, त्याच्या पलीकडच्या बाजूने ते दोघं आता येत होते, आणि मागे फिरायला जागा नव्हती. चौकात पोचल्यावर ती फुटपाथच्या कडेशी, रस्त्याला लागून, खाली बसल्यासारखी झाली आणि हुंगू लागली. तिथे काय होतं देवाला माहीत. सात महिन्यांचं पाणी, धूळ आणि हजारो पायांचे तळवे. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. घड्याळरावांनी पट्टा सैल सोडला. ते रडत होते, आणि येणारेजाणारे बाजूने वाट काढत होते.

फोन वाजला. बायको होती. "दादाचा फोन आला होता. कुठे आहात?"

"चौकात."

ती हळूच म्हणाली, "किती वेळ लागेल यायला?"

"सांगता येत नाही," घड्याळराव म्हणाले. "ती हुंगते आहे."

"मग तिथेच थांबा," ती म्हणाली. "मी येते." आणि फोन चालूच राहिला, कारण बंद करायचं तिला सुचलं नाही. तिने चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं, आणि जिन्यावरून भराभर उतरणारी तिची पावलं त्यांना ऐकू येत राहिली.